पट्ट्या बाहेर ठेवा

तांबोळी मॅडमच्या लॅबच्या दाराशी एका स्टुलावर चहाचा जुना ट्रे असायचा. स्टीलचा, मधोमध पोचा आलेला. देवळाबाहेर चपला काढाव्यात तशा पोरांनी त्यात आपापल्या कंपासमधल्या पट्ट्या काढून ठेवायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचं. "पट्ट्या बाहेर!" हा आवाज जिना चढून वर माझ्या मराठीच्या वर्गापर्यंत यायचा. मी समास शिकवत असले तरी पहिल्या बाकावरचं एखादं पोरगं दचकून कंपास बंद करायचं.

पट्टीवर एवढा राग का, असं मी त्यांना नवीन असताना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं आपटे, ही पोरं काय करतात माहीत आहे? आधी पट्टी ठेवून झक्कास सरळ रेघ ओढतात. मग त्या रेघेवर टिंबं देतात. मग टिंबांवरून रीडिंग लिहितात. मीटरकडे ढुंकून बघायची गरजच नाही. रेघ आधी काढली की टिंबं फार शहाण्यासारखी वागतात."

आणि हे काही आमच्याच कॉलेजातल्या पोरांचं पाप नव्हे. त्यांच्या आधीच्यांनी हेच केलं, त्यांच्याही आधीच्यांनी हेच केलं, आणि त्यातलेच काही पुढे शिक्षक होऊन आले. मॅडमची पद्धत साधी होती. आधी मीटर वाचा. वाचलं ते टिंब कागदावर द्या. टिंबं जिकडे नेतील तिकडे हाताने रेघ न्या. ती सरळ जाते आहे असं स्वतःच्या डोळ्यांना दिसलं, तर बाहेर जाऊन पट्टी आणा. यात अवघड काय आहे हे मला आजही कळलेलं नाही. पण लोकांना ते फार अवघड गेलं.

नसीम तांबोळी. फिजिक्सच्या. वडिलांचं नाना पेठेत मोटार वायंडिंगचं दुकान होतं, तिथे जळक्या मोटारींच्या वासात ही मुलगी वाढली. बाई लहानखुऱ्या, सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, हातात ना बांगडी ना घड्याळ. आणि डावा हात कायम पाठीमागे. फळ्यावर लिहिताना पाठीमागे, चहा पिताना पाठीमागे, प्रिन्सिपॉलांसमोर उभ्या राहिल्या तरी पाठीमागे. नवख्या माणसाला वाटायचं, बाई भारीच तोऱ्यात आहेत. पण ती वडिलांनी लावलेली सवय होती. चालू जोडणीला हात लावायचा तर एकच हात पुढे करायचा, दुसरा मागे ठेवायचा, म्हणजे करंटला एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जायला रस्ता मिळत नाही. दुकान गेलं, वडील गेले, हात मागेच राहिला.

आमच्या स्टाफरूममधल्या एका थोर विदुषींनी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "तुम्ही मराठी अगदी छान बोलता हो!" मॅडमनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "तुम्हीही बऱ्यापैकी बोलता." मी शनिवार पेठेत जन्मले, खवचटपणा माझ्या पाण्यात आहे, पण त्या दिवशी मी मनातल्या मनात हात जोडले. तेव्हापासून आमची मैत्री.

फिजिक्समधलं मला ओ की ठो कळत नाही, पण मॅडमच्या शेजारी बसून थोडंफार कानावर पडलं ते डोक्यात राहिलंय. एकदा मी विचारलं, हे व्होल्टेज आणि करंट एकच ना? त्यांनी डबा बाजूला सारला. "सकाळी हिंजवडीला जायचा रस्ता बघितलायस ना? वेळेत ऑफिस गाठलंच पाहिजे, ही जी निकड पाठीमागून ढकलते, ते व्होल्टेज. मिनिटाला जेवढ्या गाड्या पुढे सरकतात, तो करंट. आणि अरुंद पूल, खड्डे, मधेच बंद पडलेली बस, हा झाला रेझिस्टन्स. निकड वाढली की गाड्या जास्त सरकणार. रस्ता अरुंद झाला की कमी सरकणार. झालं, संपलं, हाच ओहमचा नियम. यासाठी लोक क्लासला लाखभर रुपये भरतात."

पोरांना मात्र त्या असं गोष्टी सांगून शिकवायच्या नाहीत, चुका करू द्यायच्या. करंट मोजायचा अॅमीटर जोडणीत रांगेत बसवायचा असतो, म्हणजे सगळा करंट त्याच्यातून जातो. व्होल्टेज मोजायचा व्होल्टमीटर शेजारून लावायचा असतो, दोन टोकांवर. दर वर्षी कुणीतरी महाभाग अॅमीटर शेजारून लावायचा. अॅमीटरला स्वतःचा रेझिस्टन्स जवळजवळ नसतोच, त्यामुळे सगळा करंट मोकळा रस्ता दिसल्यासारखा त्याच्यातून सुसाट सुटायचा आणि फट्‌कन फ्यूज उडायचा. पोरगं पांढरंफटक पडायचं. मॅडम शांतपणे फ्यूजची तार त्याच्या हातात द्यायच्या. "बसव नवीन. आणि आता सांग, कुठून गेला असेल?" ते पोरगं हे जन्मात विसरायचं नाही.

याच मीटरांचं उदाहरण देऊन त्यांनी मला एकदा सुनावलं होतं. मीटिंगमध्ये त्या प्रिन्सिपॉलांशी भांडत होत्या आणि मी नेहमीप्रमाणे गप्प बसून होते. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तू व्होल्टमीटर आहेस आपटे. शेजारी उभी राहून बघतेस. तुझ्यातून काही वाहू देत नाहीस." मी जरा दुखावले. तर म्हणाल्या, "तोंड कशाला पाडतेस? त्यातून काही वाहत नाही म्हणूनच त्याचं रीडिंग खरं येतं. कुणीतरी खरं वाचणारं लागतंच."

भांडण कशावरून होतं, ते सांगायलाच हवं. सगळं त्यावरूनच पेटलं. आमच्या कॉलेजने एका मोठ्या कोचिंग क्लासशी सोयरीक केली. प्रवेश आमच्याकडे, हजेरी आमच्याकडे, शिकणं तिकडे. आमच्या इमारतीतले चांगले वर्ग त्यांना एसी बसवून मिळाले. पोरं नावाला आमची. वर्षभर त्यांचं तोंड दिसायचं नाही, आणि बारावीच्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेला नव्या कोऱ्या जर्नलसकट अवतरायची. जर्नल क्लासमध्येच तयार मिळायचं, रेघा आधीच मारलेल्या. कॉलेजात पैकीच्या पैकी मार्कांचा पूर आला. जिथे प्रयोगच होत नाही तिथे लॅब कशाला, असा पुढचा विचार प्रिन्सिपॉलांच्या डोक्यात आला, यात नवल ते काय? लॅब बंद करून तिथे क्लासचं 'डाउट सेंटर' करायचं ठरत होतं. मॅडमची निवृत्ती जवळ आली होती. तेवढी होऊ द्या, मग बघू, एवढंच सौजन्य कॉलेजने दाखवलं.

त्या वर्षी लॅबमध्ये नेमाने येणारी मोजकीच पोरं होती, ज्यांना क्लास परवडत नव्हता. त्यात अंकिता. हिंजवडीच्या पलीकडच्या गावातली, वडील कुठल्याशा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. दोन बस बदलून यायची. काळीसावळी, हट्टी, प्रश्न विचारून भंडावणारी. मॅडमसारखाच डावा हात पाठीमागे धरून जोडणी करायची. ते बघून मला हसू यायचं, आणि मॅडमना हसू आलेलं लपवता यायचं नाही. "हिला इंजिनिअर व्हायचंय," त्या मला सांगायच्या, "आणि ही होईल." हे वाक्य त्या दुसऱ्या कुणाबद्दल बोललेल्या मला आठवत नाहीत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रिन्सिपॉलांनी ट्रे उचलायला लावला. परीक्षेत पट्टी नेणं हा विद्यार्थ्याचा हक्क आहे म्हणे. मॅडम म्हणाल्या, "येऊ दे आत पट्ट्या." आणि नेहमीची गुंडाळलेल्या तारेची कॉइल काढून त्यांनी प्रत्येक टेबलावर टॉर्चचा एकेक छोटा बल्ब लावला. चिठ्ठीवर प्रश्न होता: दिलेल्या बल्बचा व्होल्टेज-करंट आलेख काढा आणि निष्कर्ष लिहा.

कॉइलचा आलेख सरळ येतो. बल्बचा येत नाही. बल्बच्या आतली तार तापून लाल होते, आणि तापली की करंटला जास्त अडवायला लागते. व्होल्टेज वाढवत गेलं तरी करंट त्या मानाने वाढत नाही, आणि रेघ हळूहळू वाकते. हे पुस्तकातच आहे, काही गुपित नव्हे. ज्याने बल्ब पेटवला त्याला ते दिसणार, आणि ज्याने नुसती पट्टी ठेवली तो पकडला जाणार.

सगळ्यांच्या रेघा सरळ आल्या. अहो, बल्ब समोर आहे, प्रश्नात 'बल्ब' लिहिलंय, आणि रेघ सरळ! लॅबमध्ये नेमाने येणाऱ्या बाकीच्या पोरांनीही इतरांच्या सरळ रेघा बघून पट्टीच लावली; वाकडी रेघ एकट्या अंकिताची. मॅडमनी जसं दिसलं तसे मार्क दिले. तिला पैकीच्या पैकी आणि बाकीच्यांना काठावर पास होण्यापुरते. बाहेरून आलेले परीक्षक ढवळे सर दिवसभर प्रिन्सिपॉलांच्या केबिनमध्ये उपम्याचं परीक्षण करत होते, त्यांनी न बघता सही ठोकली.

मग जो गदारोळ झाला तो विचारू नका. केबिनमध्ये पालक, केबिनबाहेर पालक. मॅडम आपल्या उभ्या, हात मागे. एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, "मुलांच्या वर्षाचा प्रश्न आहे मॅडम!" मॅडम म्हणाल्या, "वर्षभर कुठे होता हा प्रश्न?" झालं, आगीत तेल. मार्क अजून वर बोर्डाकडे पाठवलेले नव्हते. प्रिन्सिपॉलांनी 'तांत्रिक कारणास्तव' परीक्षा पुन्हा घ्यायचं जाहीर केलं. या वेळी मार्क ढवळे सर देणार, मॅडमनी फक्त टेबलं मांडून द्यायची, आणि पर्यवेक्षक म्हणून आपटे मॅडम. मला फिजिक्स येत नाही, हीच माझी पात्रता.

फेरपरीक्षेच्या दिवशी सकाळी अंकिताचे वडील गेटपाशी उभे होते. अंगावर ड्रायव्हरचा गणवेश, ड्यूटी सोडून आले होते. मॅडम आणि मी रिक्षातून उतरलो तसे पुढे आले. "मॅडम, पोरगी हुशार हाय, पन लई हट्टी हाय. म्हणती, म्या परत वाकडीच काढणार, ती बरोबर हाय. त्ये दुसरं सर काल क्लासच्या पोरांना बोलले म्हणं, येगळं कायतरी काढंल त्याला नापास करीन."

"तिचं बरोबर आहे हो," मॅडम म्हणाल्या.

"बरोबर असंल. तुमी सांगताय म्हंजी असंलच. पन त्याला मार्क कुठं हायत? यात नापास झाली तर ॲडमिशन जातीय तिची. मंग घरात आजी बसलीच हाय लग्न लावून द्यायला." त्यांनी हात जोडले. "तुमचंच ऐकती ती. सांगा तिला, सगळ्यांसारखं काढ म्हणून."

मॅडम आत वळल्या. जिना चढताना मी म्हटलं, तुम्ही काही सांगू नका, बघू या काय होतंय ते. त्या म्हणाल्या, "तू बघ. मला बघून चालणार नाही."

लॅबमध्ये टेबलं मागच्या परीक्षेसारखीच होती. बल्ब तसेच. मॅडम ढवळे सरांना म्हणाल्या, "सर, कॉइल कपाटात आहेत, किल्ली माझ्याकडे आहे. पाच मिनिटांत बदलून देते. आलेख खरोखरच सरळ येईल, कुणाचंच नुकसान नाही."

ढवळे सर हसले. माणूस वाईट नव्हता, तेच तर वाईट होतं. "कशाला उगाच? कागदोपत्री तोच प्रयोग आहे, तोच राहू दे."

"बल्बचा आलेख वाकतो, सर."

"मॅडम, मीही एमएस्सी आहे. वाकतो, मला माहीत आहे. पण रीडिंग घेतंय कोण?" आणि मुलांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "आलेख सरळ येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उगाच कलाकुसर करत बसू नका. सरळ सोडून दुसरं काही दिसलं तर माझ्याकडे त्याला शून्य आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कळत नव्हतं तोवर ठीक होतं. पण सगळ्यांना सगळं कळत होतं. परीक्षकाला कळत होतं, प्रिन्सिपॉल कधीकाळी फिजिक्सच शिकवायचे, त्यांनाही कळत होतं. खोटं कशाला म्हणतात हे कळणाऱ्यांनी भरलेली ती खोली होती, आणि मी तिथे दोऱ्याचे तुकडे आणि पुरवण्या वाटत होते.

पोरांनी पट्ट्या काढल्या. कागदांवर सरसर रेघा उमटल्या. स्विच दाबल्याचा आवाज एकाच टेबलावरून आला. सगळे बल्ब विझलेले, एक सोडून. कोपऱ्यातल्या टेबलावर अंकिताचा बल्ब पेटला होता. डावा हात मागे, उजव्या हाताने ती व्होल्टेज हळूहळू वाढवत होती, बल्ब उजळत होता, आणि ती मीटर वाचून टिंब देत होती. तिच्या टेबलावर पट्टी नव्हती. सवयीने बाहेर ठेवली असणार. ट्रे नव्हता तर दाराबाहेरच्या खिडकीत ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

टिंबं वाकत चालली होती. मलासुद्धा दिसत होतं. तिने पेन्सिल उचलली, हाताने रेघ काढायला.

मॅडम भिंतीपाशी उभ्या होत्या. त्या चालत बाहेर गेल्या, परत आल्या, आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी थांबल्या. त्यांच्या हातात पट्टी होती. दोन्ही हातांनी धरली होती, डावा हात मागे नव्हता.

"अंकिता, पट्टी घे."

पोरीने वर बघितलं. "मॅडम, टिंबं सरळ नाहीत."

"दिसतंय मला. घे."

"पण तुम्हीच—"

"घे म्हणते ना!" मॅडम ओरडल्या. इतक्या वर्षांत त्यांचा तसा आवाज मी ऐकला नव्हता.

तिने पेन्सिल खाली ठेवली. मग तिने पट्टी घेतली. खोडरबराने एकेक टिंब पुसलं. पट्टी ठेवून रेघ ओढली आणि रेघेवर नवी टिंबं दिली, नीट, अंतर राखून. सगळ्यांत सुबक आलेख तिचाच आला. मग तिने स्विच बंद केला. ढवळे सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "शाब्बास."

त्यानंतर निवृत्तीचा समारंभ झाला. प्रिन्सिपॉलांनी त्यांच्या 'प्रयोगनिष्ठेचा' तीन वेळा उल्लेख केला, तेव्हा मी उठून बाहेर गेले. पुढच्या आठवड्यात मीटर आणि लाकडी टेबलं भंगारवाल्याच्या टेम्पोत चढली. आता तिथे एसी आहे.

परवा मला त्या स्वारगेटला दिसल्या. स्टॉपवर उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी. समोर त्याच क्लासचा मोठा फ्लेक्स लागला होता, यशस्वी विद्यार्थ्यांच्या फोटोंचा, आणि दुसऱ्या ओळीत अंकिता. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला होता तिचा. मी म्हटलं, "ही यांच्या क्लासला कधी गेली हो?"

"एक दिवस नाही," मॅडम म्हणाल्या. "फोटो दिला म्हणून काहीतरी फी माफ करतात पुढच्या कोर्सची. ती सांगत होती."

"आली होती तुमच्याकडे?"

"आली होती ना. पेढे घेऊन, वडिलांबरोबर. वाकून नमस्कार केला." त्या फ्लेक्सकडे बघत होत्या. "म्हणाली, मॅडम, तुम्ही सगळं शिकवलंत, पण कॉलेजात खरा उपयोग कशाचा झाला सांगू? त्या दिवशी तुम्ही पट्टी दिलीत ना, त्याचा. आता मी प्रत्येक प्रॅक्टिकलला आधी रेघच काढून घेते. मनापासून म्हणाली गं. थँक्यू म्हणाली मला."

 बस आली. मॅडमनी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि गर्दीत चढल्या.